जायफळासाठी उजाड झालेली बेटे



युरोपातले लोक मसाल्यासाठी समुद्रमार्गे पूर्वेकडे आले, हे आपण इतिहासात शिकतो. मला नेहमी प्रश्न पडे की, नुसत्या मसाल्यासाठी कोणी जिवावर उदार होऊन एवढं लांब कशाला येईल? म्हणून मी एकाच मसाल्याची माहिती गोळा केली. तो मसाला म्हणजे जायफळ. पुरणात घालतात ना, आणि आजी सहाणेवर उगाळून बाळाला चाटवते, तेच.

जायफळाचे फळ लहान पेरूसारखे पिवळसर असते. पिकले की ते उकलते. आत काळपट बी असते आणि बीभोवती लालभडक जाळी असते. जाळी वाळवली की जायपत्री होते. बीचे कवच फोडले की जायफळ निघते. म्हणजे एका फळात दोन मसाले!

आता नकाशात इंडोनेशिया शोधा. त्याच्या पूर्व भागात बांदा नावाची दहा-अकरा चिमुकली बेटे आहेत. अठराव्या शतकापर्यंत साऱ्या जगाला जायफळ मिळे ते या बेटांवरूनच. बांदाचे लोक ते जावा आणि मलायाच्या व्यापाऱ्यांना विकत. पुढे हिंदी व अरब व्यापारी नेत, आणि शेवटी इटलीतले व्हेनिसचे व्यापारी ते युरोपात विकत. प्रत्येक हाताला माल महाग होत जाई. मग युरोपातल्या राजांना वाटू लागले की, मधले हात टाळून आपणच जहाजे घेऊन मुळाशी गेलो तर?

पोर्तुगीज पहिले निघाले. वास्को-द-गामा १४९८ साली कालिकतला पोहोचला. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, १५११ मध्ये मलाक्का, आणि १५१२ मध्ये त्यांची जहाजे थेट बांदाला लागली. स्पेननेही १५१९ मध्ये मॅगेलनला ५ जहाजे देऊन पश्चिमेकडून पाठवले. तीन वर्षांनी एकच जहाज पृथ्वीला वळसा घालून परत आले. त्यात १८ माणसे उरली होती आणि लवंगा भरलेल्या होत्या. मॅगेलन वाटेतच मारला गेला होता.

नंतर आले डच. १६०२ साली त्यांनी एक मोठी कंपनी काढली. हजारो लोकांनी तिच्यात पैसे गुंतवले. पण ही साधी कंपनी नव्हती बरं का! सरकारने तिला किल्ले बांधण्याचा, सैन्य ठेवण्याचा आणि लढाई करण्याचाही हक्क दिला होता. तिला हवी होती मक्तेदारी.

मक्तेदारी म्हणजे काय? समजा, आपल्या आठवडी बाजारात एक व्यापारी आला आणि म्हणाला, “सगळा कांदा मलाच द्यायचा. भाव मी सांगेन तो. दुसऱ्याला विकलात तर याद राखा.” आणि त्याच्याजवळ तोफा असल्या तर?

बांदात तेच झाले. बेटांवर धान्य पुरेसे पिकत नसे. तांदूळ आणि साबुदाणा बाहेरून आणावा लागे. डच मात्र लोकरीचे कापड घेऊन आले. त्या उकाड्यात लोकर काय करायची? म्हणून लोक पहिल्यासारखे इतरांनाही जायफळ विकत राहिले. डच म्हणाले, हा करारभंग आहे. १६०९ मध्ये बोलणी करायला आलेल्या डच सेनापतीला बांदाच्या लोकांनी मारले, त्यामुळे वैर वाढले.

१६२१ मध्ये यान कून नावाचा डच गव्हर्नर जनरल मोठे आरमार घेऊन आला. ४४ प्रमुखांना मारण्यात आले. गावे जाळली. काही माणसे डोंगरावर उपाशी मेली, काहींना गुलाम करून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला नेले, काही होड्यांतून पळाली. बेटांवर अंदाजे १५,००० लोक होते, त्यातले जेमतेम हजारभर उरले. मग डचांनी जमिनीचे तुकडे पाडून आपल्या माणसांना दिले आणि बाहेरून गुलाम आणून बागा चालवल्या.

यातले रून नावाचे एक बेट इंग्रजांना हवे होते. १६६७ च्या तहात इंग्रजांनी रूनवरचा हक्क सोडला आणि डचांनी अमेरिकेतले मॅनहॅटन बेट इंग्रजांकडे राहू दिले. तिथे आज न्यूयॉर्क शहराचा मधला भाग आहे! त्या काळी डचांना जायफळाचे बेट जास्त मोलाचे वाटले.

दुसरीकडे कुठे झाड उगवू नये म्हणून डच जायफळाला चुना लावून पाठवत. पण झाड काही कैदेत राहिले नाही. १७७० मध्ये प्येर प्वाव्र या फ्रेंच माणसाने जायफळाची रोपे चोरून मॉरिशसला आणवली. पुढे इंग्रजांनीही रोपे नेली. आज केरळात आणि कोकणात नारळाच्या बागांतही जायफळ होते. वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा देशाच्या तर झेंड्यावर जायफळ आहे. डच कंपनी १७९९ अखेर बुडाली.

इंग्रजांचीही अशीच कंपनी १६०० साली लंडनमध्ये निघाली होती. तिला १६६८ मध्ये मुंबई बेट राजाकडून वर्षाला १० पौंड भाड्याने मिळाले, आणि १८१८ मध्ये तिनेच पेशवाई बुडवली. म्हणजे बांदाची गोष्ट वाटते तितकी परकी नाही.

मला वाटते, व्यापार वाईट नाही. विकणाऱ्याला “नाही” म्हणता आले पाहिजे, तर तो व्यापार. नाही म्हणता येत नसेल, तर ती लूट.

बांदाची जुनी भाषा आज बांदात कोणी बोलत नाही. पण होड्यांतून पळालेले लोक केई बेटांवर राहिले, आणि त्यांचे वंशज ती अजून बोलतात. मला ही गोष्ट वाचून फार बरे वाटले.

आता एक काम करा. मिरची, बटाटा, पेरू, काजू हे सगळे समुद्र ओलांडूनच आपल्याकडे आले. ते कुठून आले, हे गुरुजींना विचारा आणि पुढच्या अंकात लिहा.