उत्तर समोरून येऊ द्या
बोलण्याची वाट : भाग ५

गेल्या भागात आवाज आणि श्वास यांचं बोलणं झालं. पण आवाज कमावला, पाठांतर पक्कं केलं, तरी समोरची माणसं चुळबुळ करतात, घड्याळाकडे बघतात. असं का होतं, हे समजून घ्यायला मी पुन्हा पुन्हा एकाच वक्त्याकडे जातो. त्या वक्त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात गाडगेबाबांचं कीर्तन झालं आणि ते ध्वनिमुद्रित करण्यात आलं. पुढे ४२ दिवसांनी, २० डिसेंबरला बाबा गेले. त्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. ज्याला चार माणसांत उभं राहून बोलायचं आहे, त्याने ते दोनदा ऐकावं. पहिल्यांदा बाबांकडे कान द्यावा, दुसऱ्यांदा फक्त श्रोत्यांकडे.

बाबांच्या कीर्तनात श्रोते सारखे बोलत असतात. देव एक की अनेक, असं बाबा विचारायचे. लोक म्हणायचे, एक. मग बाबा गावातल्या एकेका देवाचं नाव घ्यायचे. खंडोबा आहे का? आहे. भैरोबा? आहे. मरीआई? तीही आहे. अशी पाच-सहा नावं झाली की मघाशी एक म्हणणारे लोक आपल्याच उत्तराशी अडखळायचे. देव एक आहे आणि दगडाला शेंदूर फासून बोकड कापणं चूक आहे, हे बाबांनी सरळ सांगितलं असतं तर लोकांनी ऐकून माना डोलावल्या असत्या आणि घरी जाऊन बोकड कापला असता. इथे निष्कर्ष लोकांच्याच तोंडून निघायचा. स्वतःच्या तोंडून निघालेलं माणूस सहजी नाकारत नाही.

प्रश्न किती साधे आहेत पाहा. कुणालाही एका शब्दात उत्तर देता येईल असे. पहिला प्रश्न अवघड विचारला की माणसं गप्प होतात आणि मग शेवटपर्यंत गप्प राहतात. भाषा वऱ्हाडी, रोजच्या व्यवहारातली. देवाचं, कर्जाचं, दारूचं, पोरांच्या शाळेचं बोलणं त्याच भाषेत. आणि प्रश्नानंतर बाबा थांबतात. उत्तर आलं की तोच शब्द उचलून पुढचा प्रश्न करतात.

या बोलण्याला आणखी एक आधार होता, तो विसरून चालणार नाही. बाबा गावात आले की आधी हातात खराटा घ्यायचे. दिवसभर रस्ते, गटारं झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. घाण काढा असं त्यांनी सांगायच्या आधी गावाने त्यांना घाण काढताना पाहिलेलं असायचं. वक्तृत्वावरच्या कुठल्याही धड्यापेक्षा मी याला वरचं स्थान देतो. ज्याने स्वतः केलं नाही, त्याचा आवाज कितीही भरदार असो, शब्द हलकाच पडतो.

शालेय वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतो तेव्हा याची फार आठवण येते. सन्माननीय व्यासपीठ, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, इथपासून मुलं जी सुटतात ती धन्यवादापर्यंत श्वास घेत नाहीत. एखादं वाक्य विसरलं की डोळे भरून येतात. चूक मुलांची नाही. त्यांना भाषण पाठ करायला दिलेलं असतं, समोरच्याशी बोलायला कुणी शिकवलेलं नसतं.

एका ग्रामसभेतला प्रसंग सांगतो. सरपंचबाई कागदावरून वाचत होत्या. पाण्याचा अपव्यय टाळावा, जलसंधारण ही काळाची गरज आहे. लोक बाहेरच्या चहाकडे बघत होते. मग बाईंनी कागद घडी करून ठेवला आणि विचारलं, गेल्या उन्हाळ्यात आपल्या आडाला पाणी कधी संपलं? क्षणभर सगळे शांत. बाई थांबल्या. मागून एक आजी म्हणाल्या, हनुमान जयंतीलाच तळ दिसला होता. दुसरी म्हणाली, आमच्या वस्तीवर त्याच्याही आधी. पुढचा अर्धा तास ती सभा खऱ्या अर्थाने सभा होती, आणि पाणी अडवायच्या कामाला नावं द्यायला माणसं स्वतः उठली.

इथे थांबणं सर्वांत कठीण असतं. प्रश्न विचारल्यावरची शांतता बोलणाऱ्याला खायला उठते. घाबरून आपणच उत्तर देऊन टाकतो आणि लोकांना कळतं की आपल्याला विचारलेलंच नव्हतं. मनात सावकाश पाच आकडे मोजा. बहुतेक वेळा चौथ्या आकड्याला कुणीतरी बोलतं. आणि शेवटी ‘काही शंका आहेत का?’ असं विचारू नका. तोवर लोकांनी चपला शोधायला सुरुवात केलेली असते.

येत्या आठवड्यात सोसायटीची बैठक असेल, बचत गटाची असेल किंवा शाळेतली पालकसभा. जाताना भाषण लिहून नेऊ नका. लोकांना ज्यांची उत्तरं नक्की ठाऊक आहेत असे तीन प्रश्न लिहून न्या, पहिला विचारा आणि थांबा.