पिंगळीच्या लेकरांचा १७ सप्टेंबर

पिंगळीच्या लेकरांना १५ ऑगस्ट पाठ असतो, १ मे सुद्धा. पण १७ सप्टेंबरला पुन्हा झेंडावंदन कशाला, असं विचारलं की बरीच गप्प होतात. देश स्वतंत्र झाला तेव्हा आपला परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक लढले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत आल्या, १७ ला निजाम शरण आला. म्हणजे आपलं स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा!

हे लेकरांना पिंगळी स्टेशनवर नेऊन सांगा. ही लाईनही तेव्हा निजामाच्या रेल्वेची होती. घरच्या पेटीत त्या काळचा जमिनीचा उर्दू कागद किंवा निजामाच्या हाली शिक्क्याचं नाणं असेल, तर त्यांच्या हातावर ठेवा. आणि यंदा आजी-आजोबांना त्या दिवसांबद्दल बोलतं कराच.