बिशपांचा पगार

युनियनच्या माणसाला आधी पगार दिसतो. मुंबईच्या अँग्लिकन बिशपांच्या चरित्रातही आम्हास तोच दिसला. १८३३ च्या सनदी कायद्याने त्यांना सालीना २४,००० सिक्का रुपये ठरले, तेही हिंदुस्थानच्या महसुलातून. म्हणजे रयतेच्या साऱ्यातूनच! १८३७ साली थॉमस कार पहिले बिशप झाले. पुढे १९२७ च्या कायद्याने इंग्लंडच्या धर्मसंस्थेशी असलेले कायदेशीर नाते १९३० मध्ये सुटले आणि बिशप निवडण्याचा हक्क इथल्या मंडळीकडे आला.

१९४७ साली बिशप झाले विल्यम लॅश. जन्माने इंग्रज, पण आपल्या पिंपरीहून लोकलने गाठावे अशा शिवाजीनगरातल्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमाचे आचार्य. खादी वापरणारी, जमिनीवर बसून साधे जेवणारी ती मंडळी. १९६१ पर्यंत ते त्या पदावर होते.