गेम खेळतानाच कॉम्प्युटर बंद का पडतो? घरी जोडलेल्या कॉम्प्युटरची क्रमाने तपासणी



उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता बारावीला जाणार आहे. सुटे भाग आणून त्याने स्वतः कॉम्प्युटर जोडला होता. वडिलांनी अद्रकाच्या पैशातून हौसेने रक्कम दिली होती.

"सर, गेम सुरू केला की वीस मिनिटांत बंद पडतो. दुकानदार म्हणतो, ग्राफिक्स कार्ड गेलं, नवीन घ्या. पप्पा म्हणतात, आता एक रुपया देणार नाही, आहे तसा विकून टाक."

मी काही इंजिनिअर नाही, डीएड झालेला प्राथमिक शिक्षक आहे. पण निरीक्षण करा, अंदाज बांधा, पडताळून पाहा, हे आपण वर्गात रोज शिकवतो. इथेही तेच कामी आलं. कसं, ते पाहूया.

गेममध्येच का?

आपल्या कन्नडकरांना हे सांगायला नको. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर छान पळते. भरलेली गाडी औट्रम घाट चढायला लागली की इंजिन किती पाण्यात आहे ते कळतं. व्हिडिओ पाहणे किंवा टायपिंग म्हणजे सपाट रस्ता. गेममध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही एकदम जोर लावतात. वीज जास्त लागते, उष्णता वाढते आणि कच्चा दुवा उघडा पडतो.

आधी बघा, बंद कसा पडतो

• लाइट गेल्यासारखा एकदम बंद किंवा रिस्टार्ट : एसएमपीएस, वायर, प्लग किंवा अति उष्णता.
• निळा स्क्रीन : मोबाईलने लगेच फोटो काढा. ‘मेमरी मॅनेजमेंट’ लिहिलं असेल तर आधी रॅम बघा. ‘व्हिडिओ टीडीआर’ असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर किंवा कार्ड.
• फक्त गेम बंद, विंडोज चालू : गेमच्या फाइल, ड्रायव्हर किंवा वाढवलेला वेग.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसली की मुलं घाबरतात. तिचा अर्थ एवढाच की कॉम्प्युटर नीट शटडाऊन न होता बंद झाला. हजेरीपटावर ‘गैरहजर’ लिहिलेलं असतं, का गैरहजर ते नसतं. तसंच हे.

एका वेळी एकच बदल

एक वही घ्या. केलेला बदल, तारीख आणि किती मिनिटांनी बंद पडला, हे लिहा. एकदम चार गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. फुकटची कामं आधी करा.

१. प्लग काढा. ग्राफिक्स कार्डची वायर आणि रॅम काढून पुन्हा घट्ट बसवा. एक्सटेन्शन बोर्ड टाळून थेट भिंतीच्या पॉइंटला जोडून बघा.

२. तापमान बघा. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर आकडे दाखवतं. प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या आसपास जात असेल तर धूळ, फॅन आणि थर्मल पेस्ट तपासा. कूलरच्या तळाचं प्लॅस्टिक काढायचं राहून गेलं नाही ना, तेही बघा! मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, म्हणजे आत जाणारी हवाच गरम असते.

३. बायोसमध्ये रॅमचं ‘एक्सएमपी’ बंद करून बघा. रात्रभर मेमटेस्ट८६ चालवा. चूक दिसली तर एकेक रॅम लावून तपासा.

४. ग्राफिक्सचा ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने टाका.

५. मग एसएमपीएस.

आमचं उत्तर कुठे सापडलं?

खरं सांगतो, मला खात्री होती की उष्णताच असणार. आम्ही धूळ काढली, बाजूचं झाकण उघडं ठेवलं. प्रोसेसर ७२, कार्ड ७४ अंश. तरीही बंद! वहीतल्या आकड्यांनी मला खोटं पाडलं. एक्सएमपी बंद केलं, ड्रायव्हर बदलला, फरक नाही. मग एसएमपीएसचं लेबल वाचलं.

पेटीवर मोठ्या अक्षरात ५००. पण लेबलवर १२ व्होल्टच्या खाली फक्त २० अँपिअर. आता सहावी-सातवीच्या मुलालाही जमेल असं गणित :

१२ व्होल्ट × २० अँपिअर = २४० वॅट

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात. त्याचं कार्ड आरटीएक्स ३०६०, म्हणजे १७० वॅट. प्रोसेसर रायझन ५ ५६००, पूर्ण जोरात साधारण ७६ वॅट. बेरीज २४६. फॅन वगैरे वेगळेच! या कार्डासाठी कंपनीच ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते.

मित्राचा ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस उसना आणून लावला. तीन तास गेम चालला, एकदाही बंद नाही. नवीन एसएमपीएस कार्डाच्या किमतीच्या मानाने फारच स्वस्तात आला. वडील म्हणाले, "म्हणजे कार्ड घेतलं असतं तरी बंदच पडला असता?" हो, पडला असता.

दोन सूचना पक्क्या लक्षात ठेवा. एसएमपीएसची पेटी कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. आणि एका एसएमपीएसच्या सुट्या वायरी दुसऱ्याला लावू नका. टोक बसतं, पण आतली जोडणी वेगळी असू शकते आणि भाग जळतात.

संदेशही फसवतो

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरवर गेम बंद पडून ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश यायचा. साहजिकच लोकांनी कार्डावर संशय घेतला. दोष प्रोसेसरमध्ये होता. त्याला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं. २०२४ मध्ये इंटेलने हे मान्य करून बायोस अपडेटमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झालेलं नुकसान मात्र अपडेटने भरून येत नाही. असा प्रोसेसर असेल तर बायोस आजच अपडेट करा, तरीही त्रास राहिला तर वॉरंटीत बदलून मागा.

मित्रांनो, मूल गणितात चुकतं तेव्हाही आपण चटकन म्हणतो, "याला गणितच येत नाही." पण एकेक पायरी तपासली की कळतं, अडचण फक्त हातच्याची होती. महागडा भाग बदलण्याआधी वही काढा आणि एकेक पायरी तपासा.