टाकीच्या पुढचा खड्डा

भुयारी गटार जिथे पोहोचलेले नाही, तिथे प्रत्येक घराला संडासाच्या पाण्याची सोय आपल्याच आवारात करावी लागते आणि ती कशी असावी हे बांधकामाचे नियम व भारतीय मानके ठरवतात. सेप्टिक टाकीची रुंदी किमान 75 सेंटीमीटर, पाण्याच्या पातळीखालची खोली किमान 1 मीटर आणि लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट, ही मापे रुक्ष वाटली तरी सकारण आहेत. कारण पाणी टाकीत लांबवर संथ सरकले तरच जड मैला तळाशी बसून त्याचा गाळ होतो, तेलकट अंश वर सायीसारखा थर धरतो आणि मधले निवळलेले पाणी बाहेर पडते. मात्र ते निवळलेले असले तरी शुद्ध नसते, रोगजंतू त्यात शिल्लक असतातच, म्हणून खरे शुद्धीकरण टाकीत नव्हे तर तिच्या पुढच्या शोषखड्ड्याभोवतीच्या मातीत होते.

ही माती पाणी किती वेगाने पिते हे पाहण्याची पद्धत साधी आहे. शोषखड्डा घ्यायचा तेवढ्या खोलीवर एक लहान भोक खणून तळाशी जाड वाळू पसरतात, आधी पाणी भरून माती पुरती भिजू देतात आणि मग पाण्याची पातळी 2.5 सेंटीमीटर उतरायला किती मिनिटे लागतात ते मोजतात. चिकण काळ्या मातीत पाणी तासभरही हलत नाही आणि तिथे शोषखड्डा निरुपयोगी ठरतो. उलट कोकणातल्या सच्छिद्र जांभ्यात ते झरझर उतरते आणि शेजारच्या विहिरीला धोका निर्माण होतो. राष्ट्रीय बांधकाम संहितेने शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत यांत 18 मीटरचे अंतर सांगितले आहे ते याच भीतीपोटी, पण दाट वस्तीतल्या दोन गुंठ्यांच्या जागेत ते पाळायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. मग शोषखड्डा कागदावर राहतो आणि टाकीचा पाइप थेट उघड्या गटारीत सोडला जातो. नियमाला हे मुळीच मान्य नाही, तरी ही चूक सर्रास दिसते आणि तिचे दुष्परिणाम घरमालकाला नव्हे, तर खालच्या अंगाला राहणाऱ्यांना भोगावे लागतात.

दुसरी हेळसांड उपशाची. गाळ साचत गेला की पाण्याला थांबायला जागा उरत नाही आणि मैला तसाच पुढे ढकलला जाऊन शोषखड्ड्याची छिद्रे बुजतात, पण तुंबेपर्यंत झाकण उघडायचे नाही ही घरोघरची रीत आहे. कृष्णाकाठच्या वाई नगरपरिषदेने आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरने ती मोडून, तक्रारीची वाट न पाहता, प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा उपसण्याचे वेळापत्रक आखले. हे काम जवळून पाहिले की त्यातली अडचण कळते: झाकण पुष्कळदा फरशीखाली, कधी तर न्हाणीघराखाली गाडलेले असते, ते पहारीने उचकटावे लागते, आणि टँकर बोळात शिरत नसेल तर जाड नळी दारादारांवरून ओढत आणावी लागते. वरचा घट्ट थर बांबूने फोडून गाळ ढवळल्यावरच पंप तो खेचू शकतो. संरक्षक साधनांशिवाय कोणालाही टाकीत उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, कारण आत साठलेला वायू काही क्षणांत माणसाला बेशुद्ध करतो. तेव्हा झाकण जमिनीच्या पातळीला आणि हाताशी असणे ही सोयीची नव्हे, जिवाची बाब आहे.