बातमी आधी सावकाराची

६ जानेवारीचा पत्रकार दिन नुकताच झाला. नवी मुंबईतही बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार पडले, लेखणीची थोरवी सांगून झाली. ‘दर्पण’ १८३२चं, हे आता शाळकरी पोरही सांगेल. मला या दिवशी आठवतो तो स्ट्रासबर्गचा योहान कारोलुस. पक्का धंदेवाईक माणूस.

टपालानं आलेल्या परगावच्या बातम्या हातानं उतरवून मोजक्या श्रीमंत गिऱ्हाइकांना चढ्या दरानं विकणं, हा त्याचा व्यवसाय. पण नकला करण्यात फार वेळ जाई. छापखाना हाती आला तसा १६०५मध्ये तो तोच मजकूर छापू लागला. युरोपातलं पहिलं छापील वृत्तपत्र मानतात ते हेच, ‘रेलात्सियोन’. आज हाती असलेले त्याचे सर्वांत जुने अंक १६०९चे. मग १६०५ कुठून आलं? कारोलुसनं नगर परिषदेकडे केलेल्या अर्जातून. मागणी काय, तर या बातम्या दुसऱ्या कुणाला छापू देऊ नका! अभिव्यक्तिस्वातंत्र्य वगैरे काही नाही. मक्तेदारी हवी होती.

त्याआधी बातमी ही पैसेवाल्यांची खासगी चीज होती. आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांकडे हस्तलिखित बातमीपत्रांचे गठ्ठे जमत. कुठे युद्ध पेटलं, कुठलं जहाज बुडालं, यावर पैसा अडकलेला असे. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी झालेला घात नानासाहेब पेशव्यांना वाटेत कळला, तो सावकारी पत्रातून. दरबाराचे वकील होते, जासूद होते. तरी पैशाचं टपाल पुढे निघालं.

छापखान्यानं ही खासगी चीज चव्हाट्यावर आणली. १८२२मध्ये फर्दुनजी मर्झबान यांनी मुंबईत गुजराती ‘समाचार’ काढला. व्यापाऱ्यांच्या उपयोगाचा हा कागद आजही निघतो. जांभेकरांची वाट निराळी. एका रकान्यात इंग्रजी, शेजारी मराठी, आणि ओढ गिऱ्हाइकापेक्षा विद्येची. ‘दर्पण’ १८४०मध्ये बंद पडलं. व्यापाऱ्यांचं टिकलं, मास्तरांचं मिटलं. भाषणांत हे कुणी सांगत नाही. पण पुढच्याच वर्षी भाऊ महाजनांचं ‘प्रभाकर’ आलं, म्हणजे मास्तरांचा आरसा अगदीच वाया गेला नाही.

मला विचाराल तर वृत्तपत्राचा बाप छापखाना असेल, आई मात्र टपाल. कारोलुसचा अंक आठवड्यानं निघे, कारण बातम्यांचं टपालही त्याच बेतानं येई. आज रविवारी पहाटे वाशीच्या फुटपाथवर बसून कुणीतरी मुख्य अंकात ही पुरवणी भरली, तेव्हा कुठे ती तुमच्या दारात पडली. पुढच्या ६ जानेवारीला एखादा हार त्याच्यासाठीही आणावा. फक्त समारंभ सकाळी ठेवू नका. त्याची लाईन टाकायची असते.