बालबोधकार विनायक कोंडदेव ओक

मुंबईत गिरगावातल्या खोताच्या वाडीतून जगन्नाथ शंकरशेट रस्त्याला लागलं आणि ठाकुरद्वार ओलांडलं, की काळबादेवीची कोलभाट गल्ली पायी जाण्याच्या अंतरावर आहे. वाडीतली लाकडी घरं आणि त्यांचे बाहेरून चढणारे जिने पाहायला लोक लांबून येतात. कोलभाट गल्लीतल्या निर्णयसागर छापखान्याच्या आठवणीने वाट वाकडी करणारा मात्र विरळाच. मला त्याचं वाईट वाटतं, कारण 'बालबोध' हे मुलांचं मासिक १८८१ साली निघालं ते या छापखान्याच्या आधाराने.

संपादक होते विनायक कोंडदेव ओक. जन्म २५ फेब्रुवारी १८४० चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या हेदवीचा. शाळेतलं शिक्षण बेताचंच झालं, बाकीचं त्यांनी वाचून कमावलं आणि शिक्षणखात्यात नोकरी केली. शाळेत काय शिकवलं जातं आणि काय राहून जातं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्यांना पाठबळ देणारे जावजी दादाजी यांची गोष्टही अशीच. लहानपणी ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला लागले, १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर उभा केला. शाळा ज्यांना पुरेशी मिळाली नाही अशा दोघांनी मुलांच्या हाती शाळेबाहेरची विद्या द्यावी, हा मला योगायोग वाटत नाही.

मुलांसाठी मराठीत त्याआधी काहीच नव्हतं असं नाही. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचं 'बाळमित्र' १८२८ चं. मूळ फ्रेंच, इंग्रजीवाटे आपल्याकडे आलेलं. बाळशास्त्री जांभेकरांनी व्याकरण आणि भूगोल लिहिला. मिशनचं 'बालबोधमेवा'ही निघत होतं, पण त्यात धर्मप्रसाराचा हेतू होता. इंग्लंडात 'बॉइज ओन पेपर' १८७९ मध्ये सुरू झालं, म्हणजे 'बालबोधा'च्या जेमतेम दोन वर्षं आधी. लंडनच्या मुलाला दर अंकात जे मिळू लागलं होतं, ते इंग्रजी न येणाऱ्या कोकणातल्या किंवा देशावरच्या मुलाला त्याच काळात त्याच्या भाषेत मिळालं. ओकांचं खरं मोठेपण मी यात मानतो.

अंकाची रचना ठरलेली असे: एक चरित्र, एक कविता, एक निबंध, एक शास्त्रीय विषय आणि किरकोळ मजकूर. ओकांच्या नावावर ४०२ चरित्रं आहेत, तितक्याच कविता, तितकेच निबंध आणि तितकेच शास्त्रीय लेख. साडेतेहतीस वर्षांचे महिने मोजले तर ४०२ च भरतात. एकही महिना चुकलेला नाही. आणि हे सगळं हाताने जुळवलेल्या खिळ्यांवर. काना, मात्रा, रफार, उकार, जोडाक्षरं सांभाळत जुळाऱ्याने पान बांधायचं, मग तपासणी, मग छपाई. लेखकाचा मजकूर वेळेवर आला नाही तर पुढचं सगळं अडायचं. ओकांचा अडला नाही.

लेखनाची गोडी त्यांना मोठ्यांच्या विषयांतही होती. 'बालबोध' निघालं त्याच साली त्यांची 'शिरस्तेदार' कादंबरी आली. लाचखाऊ अधिकाऱ्याची ती कहाणी. 'हिंदुस्थान कथारस' आणि 'इतिहासतरंगिणी' ही इतिहासाची पुस्तकंही त्यांचीच. आज त्यांचा उपदेश जड वाटतो हे कबूल करायला हवं. मुलाने काय करावं हे ते फार वेळा सांगतात आणि खेळाला, खट्याळपणाला त्यांच्या पानांत जागा कमी आहे. पण इतक्या चरित्रांतून सोप्या मराठीत सांगितलेली जगातल्या माणसांची ओळख त्या उपदेशापेक्षा जास्त टिकाऊ आहे. त्यातली निवडक पन्नास चरित्रं तरी आज नव्याने छापली जायला हवीत.

वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये 'आनंद' सुरू केलं आणि मुलांच्या मासिकात रंजनाला मोठी जागा मिळाली. ओक तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते. त्यांनी आपली रचना बदलली नाही. ९ ऑक्टोबर १९१४ ला ते गेले, तोवर 'बालबोधा'चे संपादक तेच होते.